आतल्या माणसाचं काय?



अजस्र युद्धयंत्रांच्या विज्ञानकथांचा इतिहास मी सांगत बसत नाही. वेल्सपासून जपानी यंत्रमानवांपर्यंतचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. माझा आग्रह एकच आहे. अशी कथा हाती आली की तोफ किती मोठी ते नंतर बघा. आत बसलेल्या माणसाला बाहेर पडता येतं का, आणि ती सोय कुणी, कशासाठी ठेवली, ते आधी बघा.

(मागून : ‘नायक मरतच नाही, मग सोय कशाला?’ हशा.)

नायक मरत नाही, कबूल. पण यंत्र बनवणाऱ्याला ते कुठे माहीत असतं? वेल्सच्या १८९८ च्या कादंबरीत शेपर्टनजवळ तोफेचा गोळा लागून आतला मंगळवासी मरतो. यंत्र मात्र तसंच सरळ चालत जातं, चर्चचा मनोरा पाडतं आणि मग नदीत कोसळतं. चालकाच्या जिवाचा प्रश्न तिथेच उभा राहिला होता.

खऱ्या जगाने त्याला उत्तर दिलं ते फार किंमत मोजून. जेम्स मार्टिन हे विमानं बनवणारे इंजिनियर आणि व्हॅलेंटाइन बेकर हे त्यांचे भागीदार, चाचणी वैमानिक. १९४२ मध्ये त्यांच्याच नव्या विमानाचं इंजिन बंद पडलं आणि बेकर गेले. त्यानंतर मार्टिन वैमानिकाच्या सुटकेच्या मागे लागले. २४ जुलै १९४६ ला त्यांच्याच कारखान्यातला फिटर, बर्नार्ड लिंच, चाचणी म्हणून ताशी पाचशे किलोमीटरच्या वेगात मीटिअर विमानातून आसनासकट वर फेकला गेला. डोक्यावरची मूठ ओढली की कापडी पडदा तोंडावर यायचा. त्याने वाऱ्याचा मारा अडायचा, मान ताठ राहायची आणि मणका वाचायचा. पण त्या आसनात आपोआप काही होत नसे. हवेत स्वतः पट्टे सोडायचे, आसन ढकलून द्यायचं आणि मग पॅराशूट उघडायचं. आपल्या तेजस या लढाऊ विमानात मार्टिन आणि बेकर यांच्याच कंपनीचं आसन आहे. १२ मार्च २०२४ ला जैसलमेरला तेजस पडलं, वैमानिक सुखरूप उतरला.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. गंडमकडे येतो, कारण ते टाळून मी खाली बसणार नाही.

१९७९ ची ही जपानी मालिका, दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. काहींना वाटत असेल, व्याख्यानमालेत कार्टून कशाला. त्यांनी एवढंच बघावं : गंडम या यंत्राच्या धडात एक छोटं लढाऊ विमान घडी घालून बसवलेलं आहे आणि तेच कॉकपिट. हात-पाय तुटले तर मधलं विमान सुटून उडून जातं. जोडता-सोडता येणारं खेळणं विकायला हे बरं पडलं, हे खरंच. पण कथेतलं कारण अधिक बोचरं आहे. त्या विमानातल्या संगणकात लढाईची माहिती साठते आणि सैन्याला ती परत हवी असते. आत बसलेला पोरगा, अमुरो, वाचतो तो त्या माहितीच्या सोबतीने. समोरच्या शत्रूच्या झाकू यंत्राला असं सुटून जाणारं कॉकपिट नाही. तोमिनोंचा जन्म १९४१ चा. ज्या देशाने ओहका नावाचं, चाकंच नसलेलं, परत उतरायची सोयच न ठेवलेलं विमान माणसासकट सोडलं, त्या देशातला माणूस हे सहज लिहून गेला, असं मी मानत नाही. शेवटच्या भागात मोडक्या धडातून अमुरो त्याच विमानाने बाहेर पडतो, तेव्हा सैन्याला माहिती हवी की नको, याचं मला काही वाटत नाही. पोरगा बाहेर आला, एवढं मला पुरतं.

(टाळ्या.)

दोनच मिनिटं. १९९५ ची ‘इव्हँगेलियन’ ही मालिका. इथे चालक एका लांब नळकांड्यात बसतो आणि ते यंत्राच्या मानेत खुपसतात. एका चाचणीत यंत्र बिथरतं, नळकांडं आपोआप बाहेर फेकलं जातं. पण जागा बंदिस्त. छताला घासत, आपटत ते खाली पडतं. आत रेई नावाची मुलगी. यंत्रं चालवणाऱ्या संस्थेचा प्रमुख गेंडो धावत जातो, तापलेली मूठ उघड्या हातांनी फिरवतो, तळवे भाजतात, चष्मा पडून काच तडकते. पुढे अठराव्या भागात शत्रूने ताबा घेतलेल्या यंत्राचं नळकांडं चिकट जाळ्यात अडकून बाहेरच येत नाही. आत एक शाळकरी मुलगा. समोरच्या यंत्रात गेंडोचा स्वतःचा मुलगा शिंजी, तो लढायला नकार देतो. तेव्हा हाच गेंडो शिंजीच्या हातातून ताबा काढून घेतो आणि यंत्र स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवतो. यंत्र ते नळकांडं मुठीत धरून चिरडतं आणि शिंजी आत बसून ओरडत राहतो.