प्रौढांचे शिक्षण आणि आपला शेजारधर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या मंडळातर्फे गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार दरवर्षी होतो, आणि तो व्हावाही. परंतु ज्या मातेस आपल्या मुलाच्या प्रशस्तिपत्रकावरील नाव वाचता येत नाही, तिच्या शिक्षणाची काळजी कोणी वाहावयाची? या प्रश्नाविषयी चार शब्द बोलावेत, असे मी योजिले आहे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. त्यांच्या आश्रयाने गावोगावची कुटुंबे येथे आली. पोटाची सोय झाली. पण ज्यांची शाळा गावीच सुटली, त्यांची ती कायमची सुटली. आज त्यांच्याही हाती मोबाइल आहे. तो बोललेले मराठी लिहून दाखवितो आणि लिहिलेले वाचूनही दाखवितो. त्यामुळे आता अक्षरओळखीची गरजच काय, असे कित्येकांस वाटते. हा समज घातक होय. पगारपत्रकातील कपात, कंत्राटाचा कागद, यंत्रावरील धोक्याची सूचना, येथे स्वतःचेच डोळे कामी येतात. बँकेचा ओटीपी दुसऱ्याकडून वाचून घेणारा मनुष्य आपल्या तिजोरीची किल्लीच परक्याच्या हाती देत असतो.

साधनांची उणीव नाही. केंद्र सरकारने २०२२ साली १५ वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर केला. त्याच्या ‘उल्लास’ ॲपवर शिकणारा व शिकविणारा, दोघांचीही नोंद होते. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. परंतु साधन दार उघडून देते. हात धरून आत नेत नाही. प्रौढ मनुष्यास अज्ञानापेक्षा संकोच अधिक अडवितो, आणि तो संकोच आपल्या माणसाजवळच सुटतो.

आपल्या महाराष्ट्रास हे नवीन नाही. महात्मा फुले व सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. तेव्हा मोबाइल नव्हता. साक्षराने निरक्षरास शिकवावे, हीच तिची खरी शक्ती होती.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने एका प्रौढाचे शिक्षण पत्करावे. रोज सकाळी त्यास मोबाइलवर मोठ्या अक्षरांत तीन शब्द पाठवावेत व त्यांचा उच्चारही ध्वनिमुद्रित करून पाठवावा. त्याने ते वहीत उतरवून त्याचे छायाचित्र परत पाठवावे. रविवारी अर्धा तास मात्र समोरासमोर बसावे. चुकल्यास हसू नये, आणि मुलांदेखत परीक्षा घेऊ नये. पहिला शब्द त्याचे स्वतःचे नाव असावा, दुसरा त्याच्या कारखान्याचा.

आपल्या मंडळाचे ओळखीचे जाळे विवाह जुळविण्यास उपयोगी पडते, संकटात मदतीस धावते. तेच जाळे विद्यादानास का लावू नये? आणि शिकणारा शेजारी आपल्या ज्ञातीचा आहे की नाही, हे मात्र विचारू नये. अक्षरास जात नसते.

येत्या संमेलनात विद्यार्थ्यांच्या बरोबरीने अशा प्रौढ विद्यार्थ्यांचाही सत्कार व्हावा, अशी कार्यकारिणीस विनंती करून मी आपली रजा घेतो.