माझी आरएक्स हंड्रेड मी कशी विकली
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'जीवनातील अनुभव' असा विषय दिला आहे. या वयात सगळ्यांचे अनुभव सारखेच असतात: मुलांची लग्नं, रिटायरमेंट आणि शुगर. म्हणून मी माझ्या गाडीबद्दल बोलतो. तुमच्यापैकी निम्मे जण तिच्यावर कधी ना कधी बसले आहेत. सकाळपासून पाच जणांनी विचारलं, "काय भो, गाडी इकी टाकी?" हो, इकी टाकी. कशी इकी, ते सांगतो.

यामाहा आरएक्स 100. एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने 1985 मध्ये ती आणली आणि 1996 मध्ये बंद केली. 98 सीसीचं इंजिन, 11 हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला जोर मिळायचा; फोर-स्ट्रोकला तो दोन फेऱ्यांनी मिळतो. म्हणून मूठ पिळली की ती उसळायची. पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, त्यामुळे मागे निळसर धूर. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि असल्या गाड्यांचे दिवस भरले.

आमच्या वडिलांनी ती 1991 मध्ये कापसाचे पैसे आले तेव्हा घेतली. शेत लासूरच्या रस्त्याला. त्यांना ती शेतात जायला हवी होती, मला कॉलेजात मिरवायला. घेतल्यावर आठ दिवसांत मी ती मिस्तरीकडे नेली.

मिस्तरी आठवतो ना? शेवटच्या बाकावरचा, दप्तरात पकड आणि पान्हा ठेवणारा. शाळेची घंटा एकदा तुटली तेव्हा त्यानेच बसवून दिली होती. दहावीला गणितात राहिला, परत बसला नाही. यावल रस्त्याला टपरीत गॅरेज टाकलं. माझ्या गाडीचं प्रत्येक काम त्याच्याच हातचं.

आधी सायलेन्सरची पुंगळी काढली. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून आज कबूल करतो. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "तू येतोस हे रत्नावतीच्या पलीकडून कळतं." पुढे तो सायलेन्सरच काढून दुसरा लावला. मग आडवा हँडल. लग्नानंतर आरएक्स 135 चा पाच गिअरचा संच बसवला, तो दोघांना घेऊन उनपदेवला जाताना फार सुखाचा वाटायचा. मुलगा झाल्यावर सीट लांब केली. वडील थकले तेव्हा त्यांना पाय ठेवायला रुंद पट्टी वेल्डिंग केली. वडिलांना शेवटचं शेत दाखवायला मी याच गाडीवरून नेलं होतं.

विकायची वेळ आली ती गुडघ्यामुळे. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, किक मारायची नाही. आरएक्सला सेल्फ स्टार्टर नाही. मुलगा पुण्याला, तो म्हणाला, "बाबा, इथे ती ठेवायला जागा नाही." दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती.

माझी समजूत अशी, की विंटेज गाडी आहे, लोक रांग लावतील. पण केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेली. म्हणजे आरएक्सला अजून अवकाश आहे. वयाच्या हिशेबाने आपण सगळे पास; बदलाच्या अटीवर मात्र बरेच जण बाद होतील. माझा गुडघा तर उघड उघड मॉडिफाइड आहे.

पहिलं गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरून म्हणालं, "काहीच ओरिजिनल नाही. पन्नास देतो." मला लागलं ते. ज्या ज्या गोष्टीवर मी जीव टाकला होता, त्या त्या गोष्टीचे तो पैसे कापत होता. वडिलांच्या पट्टीचेसुद्धा. चूक त्याची नव्हती. त्याला कंपनीची गाडी हवी होती आणि मी माझे दिवस विकायला बसलो होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीत आहे त्याहून वेगळे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, हेही त्यानेच मला ऐकवलं.

मग शिरपूरचा एक तरुण आला. त्याने एकच विचारलं, "काका, जुने पार्ट आहेत का?" मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वीचे पार्ट कुठून असणार? तरी गॅरेजवर गेलो. मिस्तरी 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेला. आता त्याचा मुलगा बसतो. मी विचारलं तर तो आत गेला आणि एक गोणी ओढत आणली. म्हणाला, "ही तुमचीच. पप्पांनी भंगारवाल्याला हात लावू दिला नाही."

गोणीत सगळं होतं. मूळ सायलेन्सर, पुंगळीसकट. मूळ हँडल. चार गिअरचा संच ग्रीस लावून वर्तमानपत्रात बांधलेला. प्रत्येकाला प्लगच्या खोक्याचा पुठ्ठा तारेने अडकवलेला आणि त्यावर माझं नाव, पार्टचं नाव, काढल्याची तारीख. त्याच्या त्या तिरक्या अक्षरात, ज्याच्यावरून त्याने वर्गात एवढं ऐकून घेतलं.

पोराने एका संध्याकाळी हँडल आणि सायलेन्सर बसवून दिले. गिअरचा संच शिरपूरला बसवायचं ठरलं. दुसरा गिअर कधीकधी सुटतो, क्रँकच्या बेअरिंगचा आवाज येतो, हे मी कागदावर लिहून दिलं. पंच्याऐंशी हजार आले. पन्नासच्या वरचे पस्तीस माझे नव्हते. पोरगा घेईना. "तुझ्या वडिलांची मजुरी बाकी होती" म्हटल्यावर घेतले.

गाडी विकणाऱ्यांसाठी एक सांगतो. नावावर करून दिल्याशिवाय सोडू नका. फॉर्म 29 आणि 30 भरा. दुसऱ्या आरटीओकडे जात असेल तर एनओसी घ्या. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलं आहे. मी जळगावला तीन चकरा मारल्या आणि मगच चावी दिली. वडिलांची पट्टी तेवढी कापून घरी ठेवली.

आता शेवटचं. आज दारात आपल्या बॅचची यादी वाटली. दिवंगत मित्रांचं वेगळं पान आहे. मिस्तरी दोन्हीकडे नाही. कारण यादी दहावी पास झालेल्यांची आहे. ती करणाऱ्यांत मीही होतो. त्याने माझा एक नटसुद्धा फेकला नाही आणि मी त्याचं नाव गाळलं.

तेव्हा विनंती एवढीच, की स्मरणिका छापायच्या आधी आठवीचा हजेरीपट काढा आणि त्यावरून यादी करा. त्याच्यासारखे आणखी असतील. हजेरीपटात त्याचा नंबर माझ्या आधी होता.