साखरेच्या रोग्याचा रक्तदाब

(आहुपे, ता. आंबेगाव येथील बैठकीत डॉक्टरांनी केलेले भाषण)



आहुपे म्हणजे घाटमाथा. इथे भात, नाचणी आणि हिरडा. तुम्ही आलात ज्वारी-कापसाच्या कोरडवाहू मुलखातून. साखरेचा आजार मात्र दोन्हीकडे पोचला. 'भाकरी खाऊन राबणाऱ्याला मधुमेह कसा होईल?' असे अजून विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे विलायतेतल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. तेव्हा किडकिडीत आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

मी आज साखरेबरोबर येणाऱ्या रक्तदाबावर बोलणार आहे. मूत्रपिंड ही गाळणी आहे. साखरेने ती आतून खराब होते आणि वर दाब वाढला की लवकर निकामी होते. ठिबकच्या जाळीवर पंपाचा दाब बेसुमार झाला तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. यात दुखत काहीच नाही. पहिली खूण म्हणजे लघवीतून प्रथिन जाऊ लागणे, आणि ती तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून साखरेच्या रोग्याने वर्षातून एकदा तरी लघवीतले प्रथिन, रक्तातले क्रिएटिनीन आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा.

दाब उतरवून फायदा किती? १९९८ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा हिशेब छापून आला. दाब आणि साखर दोन्ही असलेले ११४८ रोगी, सुमारे आठ वर्षे पाहिलेले. एका गटाचा दाब सरासरी १४४/८२ राहिला, दुसऱ्याचा १५४/८७. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा. तेवढ्याने पक्षाघात ४४ टक्के कमी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्के कमी! आज बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली आणायचा प्रयत्न करतात. म्हाताऱ्या, उठताना चक्कर येणाऱ्या माणसाला थोडी सूट देतात. त्याचा दाब उभे करूनही मोजावा लागतो.

लघवीत प्रथिन असेल तर पहिली गोळी बहुधा एनालाप्रिल, रॅमिप्रिल किंवा लोसार्टन, टेल्मिसार्टन यांपैकी एक. ती दाब उतरवते आणि गाळणीवरचा ताणही कमी करते. (या 'प्रिल' औषधांची वाट ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून सापडली. विषाचाही उपयोग होतो तो असा.) 'प्रिल'ने काहींना कोरडा खोकला येतो, मग 'सार्टन' देतात. दोन्ही एकत्र देत नाहीत. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातले पोटॅशियम व क्रिएटिनीन पाहायचे. गरोदर बाईला ही औषधे मुळीच चालत नाहीत. एका गोळीने भागत नाही तेव्हा अॅम्लोडिपिन किंवा लघवी वाढवणारी गोळी जोडतात. दोन-तीन गोळ्या लागल्या म्हणजे रोग हाताबाहेर गेला असे नव्हे. साखरेच्या रोग्यात ते नेहमीचेच.

घोटाळा होतो तो पुढे. दाब १३० वर आला की माणूस म्हणतो, बरा झालो, आणि गोळी बंद. अहो, तो १३० गोळीमुळे आहे! दुसरे, कापूस वेचून कंबर धरली की दुकानातून डायक्लोफिनॅक घ्यायचे. ते दाब वाढवते आणि मूत्रपिंडालाही मारते. तिसरे, भर उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले तर 'प्रिल', 'सार्टन' आणि लघवीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा. ठेचा, लोणचे, पापड त्यातच धरायचे.

या गोळ्यांपैकी नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळतात. वर्धा, भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत रक्तदाबाच्या रोग्यांची नोंद ठेवून महिन्याची गोळी देण्याचे काम आधी सुरू झाले. केंद्रात गोळ्या संपल्या असे सांगितले तर तिथेच ठिय्या मांडा. कारण गाळणी गेल्यावर डायलिसिस आठवड्याला दोन-तीन वेळा लागते, आणि आहुप्याहून घोडेगाव, मंचरपर्यंतचा रस्ता तुम्ही आज पाहिलाच आहे.

बाहेर मशीन ठेवले आहे. तंबाखू, चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, पाच मिनिटे टेकून बसा, मग दंड उघडा करा. साखरेचे रोगी असतील त्यांनी आधी या.