सर, ते दोन प्रश्न मला येत होते
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाटचाल' असा विषय दिला होता. त्यावर मी बोलणार नाही. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत, घरी रोज ऐकताच आहात. मी बोलणार आहे माझ्या न झालेल्या डॉक्टरकीबद्दल. पहिल्या रांगेत आपले जीवशास्त्राचे सर बसलेत, त्यांच्याशी माझा एक जुना हिशेब राहिलाय. घाबरू नका सर, बाकी माझ्याकडेच निघते.

दहावीनंतर बरेच जण सोलापूरला, पुण्याला गेलात. आपल्या वर्गातले आम्ही अकरा जण इथेच राहिलो. शाळेला जोडून विज्ञानाची एकच तुकडी होती, आणि प्रयोगशाळेत तीन सूक्ष्मदर्शक. त्यातल्या एकातून फक्त आपल्याच पापण्या दिसायच्या. आजच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते: १९९८ला आपल्या राज्यात मेडिकलला बारावीच्या बोर्डाच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, तीनशेपैकी किती, एवढाच प्रश्न. सीईटी त्यानंतर आली, आणि आता नीट. मी गणितही ठेवलं होतं. वडील म्हणाले होते, एक दार उघडं असू दे. त्याच दारातून पुढे सांगलीला इंजिनिअरिंगला गेले.

पहिला अडथळा अभ्यासाचा नव्हताच, भाषेचा होता. दहावीपर्यंत पेशी, केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक. अकरावीच्या पहिल्या दिवशी सेल, न्यूक्लिअस, मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट. आठवडाभर मला वाटत होतं की हा वेगळाच विषय आहे. सरांनी आम्हाला दोनशे पानी वही आणायला लावली. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीपर्यंत उजवी बाजू झाकून घ्यायचे, दिवाळीनंतर डावी. ती वही माझ्याकडे अजून आहे. आणि सरांच्या आकृत्या! फळ्यावर दोन्ही हातांनी खडू चालायचा. मानवी हृदयाचा छेद काढला की तो पुसायला पुढच्या तासाच्या बाईसुद्धा कचरायच्या.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिच्या तोंडावर माघी वारी. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाजवळ घर असणं म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. आमच्याकडे परभणीकडची माणसं उतरायची. ओसरी, माजघर, गच्ची सगळं भरलेलं. पहाटे तीनला चंद्रभागेच्या स्नानाची गडबड, रात्री उशिरापर्यंत टाळ. मी जिन्याखाली कंदिलाएवढ्या दिव्यात बसायचे. एका रात्री एक आजी शेजारी येऊन टेकली. वहीतलं हृदय बघून म्हणाली, "हे काय काढायलीस, माय?" मी सांगितलं. तिने छातीवर हात ठेवला. "माझं दोन जिने चढलं की लई धडधडायलंय. ते ह्यातलं कुठलं?" मी तिला अलिंद दाखवलं, निलय दाखवलं, झडपा कशा उघडतात-मिटतात ते सांगितलं. तिला किती कळलं ते विठ्ठलालाच ठाऊक. पण मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. डॉक्टर व्हायचंय हे तोवर मी म्हणायचे, त्या रात्रीपासून ते मला खरंच हवं होतं.

आता हिशेबाकडे येते. जीवशास्त्राच्या पेपरला नेमकं हृदय आलं. मी हरखले. पेन्सिलीला टोक केलं आणि आकृती काढत बसले. सरांसारखी यायला हवी ना! छटा दिल्या, एक झडप मनासारखी आली नाही म्हणून खोडून परत काढली. मान वर केली तेव्हा शेवटचा टोल जवळ आला होता. दोन प्रश्न सुटले, आठ मार्कांचे. दोन्ही मला पाठ होते.

यादी माझ्या थोडं वरच थांबली.

लातूरची मुलं घड्याळ लावून पेपरामागून पेपर सोडवतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचायचो. लातूर पॅटर्न म्हणजे काहीतरी गुप्त नोट्स असणार, अशी माझी समजूत होती. पुढे तिथली एक मुलगी इंजिनिअरिंगला माझी रूममेट झाली, तेव्हा कळलं की मुख्य गोष्ट सराव आणि घड्याळ. मी बारावीच्या अख्ख्या वर्षात एकही पूर्ण पेपर वेळ लावून लिहिला नव्हता.

निकालानंतर सर आमच्या घरी आले होते. आईने चहा ठेवला. सर वडिलांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, माझंच शिकवणं कुठेतरी कमी पडलं." मी आत उभी होते, सगळं ऐकत. बाहेर येऊन "नाही सर, मला येत होतं, मी वेळ घालवला" एवढं म्हणायला काय हरकत होती? नाही म्हटलं. येत असून सोडलं हे सांगण्यापेक्षा आलंच नाही हे मला सोपं वाटलं. सर चहा अर्धा ठेवून गेले. सत्तावीस वर्षं तो अर्धा कप माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गेल्या वर्षीपासून मी दर रविवारी सकाळी आपल्या शाळेच्या चार मुलींना ऑनलाइन भेटते. जीवशास्त्र शिकवत नाही, तेवढी माझी लायकी उरलेली नाही. मी फक्त घड्याळ लावते. नीट २०२५चा पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा, ७२० मार्कांचा होता. चुकलं की एक मार्क वजा. देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं बसली. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, ते पाऊण तासात उरकले तर भौतिकशास्त्राला श्वास मिळतो. कुठल्या प्रश्नावर किती सेकंद गेले याची एक छोटी प्रणाली मी लिहून दिलीय. इंजिनिअरिंगचा एवढा तरी उपयोग व्हावा. दोनरकानी वहीची छायाचित्रंही पाठवली. मुलींना ती घड्याळापेक्षा जास्त आवडली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अकरावीतली ठेच अजून तीच आहे.

एमबीबीएसला अजून एकही लागलेली नाही, हे स्पष्ट सांगते. एक बीएएमएसला गेली, एक नर्सिंगला. तिसरीचा भौतिकशास्त्रात घात झाला, त्या वर्षी तो भाग फारच लांबलचक होता. ती पुन्हा बसतेय. चौथीच्या घरी वर्षभर थांबायची ऐपत नव्हती. शहरातल्या क्लासची फी ऐकून तिचे वडील माझ्याशी फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आपल्या बॅचमध्ये तीन डॉक्टर आहेत आणि दोघे भौतिकशास्त्र शिकवतात. रविवारी नऊ ते अकरा. महिन्यातून एक रविवार दिलात तरी चालेल. प्रयोगशाळेची किल्ली शिपाईमामांकडे असते, नेट आता चांगलं चालतं, आणि सूक्ष्मदर्शक सहा झालेत.

आणि सर, आज जेवण झाल्यावर माझ्याबरोबर चहा घ्याल का? पूर्ण कप.