दवाखान्याच्या वहीत एक रकाना
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवी निधीतून आपल्या दवाखान्यासाठी क्ष-किरण यंत्र घ्यावे, असा विचार चालू आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. पण निधीचा एक लहानसा वाटा दवाखान्याच्या दाराबाहेर खर्च व्हावा, एवढी आमची विनंती आहे.

विषमज्वराचा रोगी बरा होऊन घरी येतो आणि पुन्हा तेच दूषित पाणी पितो, तेव्हा औषधाचे काम अर्धेच झाले म्हणायचे. ग्वाल्हेरकरांसाठी माधव महाराजांच्या कारकिर्दीत, 1916 साली, सांक नदीवर तिघरा धरण झाले. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रथम खडकवासल्याला बसले आणि पुढे आपल्या तिघऱ्याला, हे पुणेकर पाहुण्यांना सांगायला आम्हांस फार आवडते ! धरणाचे पाणी शुद्ध करूनच शहरात सोडतात. घोटाळा होतो तो वाटेत. नळाला पाणी येते थोडाच वेळ. ते बंद झाले की नळातील दाब उतरतो, आणि गटाराशेजारच्या जुन्या नळाला भेग असली तर घाण आत शिरते. त्यातून कोणी टुल्लू पंप लावून पाणी ओढू लागला, म्हणजे तर विचारूच नका.

आपल्या दवाखान्यातील रोग्यांच्या वहीत नाव, वय आणि रोग लिहितात. गल्लीचा रकाना नाही. तो आखावा. एकाच गल्लीतून पंधरवड्यात काविळीचे तिघे आले, तर नुसते औषध देऊन थांबू नये. कोणीतरी तेथे जाऊन नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासावे. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम हवे. रंग पाहून तपासण्याची पेटी मिळते. ती वापरायला शाळकरी मुलगाही शिकेल. क्लोरीन कमी आढळले, तर गल्लीच्या नावानिशी महानगरपालिकेला लेखी कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत घरोघर पाणी उकळून प्यायला सांगावे.

ही कल्पना आमच्या पदरची नव्हे. रोग टाळणे आणि रोग बरा करणे ही कामे एकाच व्यवस्थेत असावीत, असे भोर समितीने 1946 सालीच सांगितले. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे. आपले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयही त्याच सालचे. पुढे 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने खेड्यातील बायकांना शिकवून हे प्रत्यक्ष करून दाखवले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आपल्याकडे तर घरोघर पदवीधर आहेत.

पैसा फारसा लागणार नाही. चार पेट्या पुरेत. माणसे मात्र हवीत, आणि त्यांत भगिनी अधिक असाव्यात. नळ केव्हा आला, पाण्याला वास केव्हापासून येतो, हे बहुतेक घरांत प्रथम त्यांनाच कळते. इच्छुकांनी आजच चिटणिसांकडे नावे द्यावीत. रकाना आखण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आहे. सोमवारी दवाखाना उघडेल तेव्हा वही तयार असेल.