काखेतील गाठ आणि उपचारांची पूर्तता
(वार्षिक मेळाव्यात येडशी येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय सभेत उच्चारावयास संकोच वाटावा असा आहे, हे मी जाणतो. तथापि याच संकोचापायी कित्येक घरांतील आयाबहिणी गाठ महिनोन्‌महिने लपवून ठेवतात. म्हणून स्तनाच्या कर्करोगाविषयी, त्यातही तो काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर करावयाच्या उपचारांविषयी, मी स्पष्टपणे बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. जे वाचले व जाणत्यांस विचारून घेतले, तेवढेच सोपे करून सांगतो.

'काखेत गाठ उतरली, आता सर्व संपले,' असा समज आपल्याकडे रूढ आहे. शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणे लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. स्तनाकडील लसिका मुख्यत्वे काखेतील ग्रंथींतून गाळली जाऊन पुढे जाते. पाटाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीत काडीकचरा अडकावा, त्याप्रमाणे रोगाच्या पेशी बहुधा प्रथम तेथे अडकतात. तेथे रोग आढळला म्हणजे तो यकृत, फुप्फुस वा हाडे यांत गेलाच, असे नाही. या अवस्थेतही रोग समूळ घालविण्याच्याच हेतूने उपचार केले जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालील स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे बर्नार्ड फिशर यांच्यासारख्यांनी प्रयोगांती दाखवून दिले की, अधिक कापल्याने आयुष्य अधिक लाभतेच असे नाही. सांप्रत छातीचे स्नायू सहसा राखतात. अनेकींचा स्तनही राखून केवळ गाठ काढता येते. कित्येकदा आधी औषधे देऊन गाठ लहान करून घेतात. काढलेल्या ग्रंथींपैकी किती ग्रंथींत रोग होता, हा आकडा तपासणीच्या अहवालात असतो. तो कागद सातबाऱ्याप्रमाणे जपावा, कारण पुढील उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात.

आता किरणोपचार, ज्यास आपण 'शेक' म्हणतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या ज्या पेशी छातीवर किंवा ग्रंथींच्या वाटेवर उरल्या असतील, त्यांचा नाश करणे हे त्याचे कार्य. चार किंवा अधिक ग्रंथींत रोग असल्यास तो बहुधा सुचवितात. एक ते तीन ग्रंथींत रोग असलेल्या स्त्रियांविषयी १९६४ ते १९८६ या काळातील प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्तन व ग्रंथी काढलेल्या अशा शंभर स्त्रियांपैकी, शेक न घेतलेल्यांत वीस वर्षांत सुमारे ५० जणी या रोगाने दगावल्या; शेक घेतलेल्यांत सुमारे ४२. आजची औषधे अधिक प्रभावी असल्यामुळे यांतील काहींना शेक टाळताही येतो. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा नव्हे.

आपल्याकडील एका भगिनीने टाके निघताच घर गाठले. 'जखम भरली, आता राहिले काय?' असे घरचे म्हणाले. सांगितलेला शेक राहून गेला आणि दीड वर्षात त्याच जागी रोग पुन्हा उगवला. तिला शेकाची भीती नव्हती. रोज जाण्यायेण्याचे भाडे नव्हते आणि सोबतीला माणूस नव्हते.

वस्तुतः उपचारस्थान आपणांस दूर नाही. आपल्या रेल्वेमार्गावरच बार्शी आहे. तेथे १९८२ साली डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालय सुरू झाले. १९८७ पासून तेथे ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंदवही ठेवली जाऊ लागली. ग्रामीण भारतातील तशी ती पहिलीच. पूर्वी शेक सुमारे पाच आठवडे चाले. आता अनेकींना तीन आठवड्यांत, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे, पंधरा वेळा दिला जातो. प्रत्येक वेळी काही मिनिटे लागतात. त्या वेळी वेदना होत नाही. मागाहून कातडी काळवंडते, थकवा येतो. बाहेरून किरण घेतलेली माता लेकरास खुशाल जवळ घेऊ शकते. ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात सुजण्याचा संभव असतो. म्हणून शिकविलेला व्यायाम करावा, शेतात काटा रुतल्यास जखम त्वरित धुवावी आणि सूज दिसताच दाखवावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णास व सोबत्यास रेल्वेत सवलत मिळते. त्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. परंतु बुडालेली मजुरी, मुक्कामाची जागा आणि सोबतीचे माणूस कोणतीही योजना पुरवीत नाही. तेथे ज्ञातीने उभे राहावे. माझी सूचना अशी की, हारतुरे व सत्कार यांवरील खर्च यंदा निम्मा करून त्यातून सोबत-निधी काढावा, आणि प्रत्येक गावातून दोन भगिनींनी आळीपाळीने रुग्णाबरोबर जाण्याचे पत्करावे. साहाय्य घेणाऱ्या भगिनीचे नाव कोणत्याही अहवालात छापू नये.

पुढील वर्षी या व्यासपीठावर हिशेब वाचला जाईल, तेव्हा किती हार घातले यापेक्षा किती जणींचा शेक पुरा झाला, हा आकडा प्रथम वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.