तापाचा कितवा दिवस?

(रेडिओवरील भाषण)



पावसाळा लागला की घरोघरी सर्दी, खोकला, ताप सुरू होतो. धाकट्याचं नाक वाहतं, यजमानांचा खोकला आठवडा झाला तरी हटत नाही, सासूबाईंना सकाळी उठताना जरा गरगरतं. दुखणं किरकोळ आहे हे आपल्याला कळत असतं. तरी रात्री दोनला जाग येते, हात मुलाच्या कपाळाकडे जातो, मग थर्मामीटर, मग मोबाइलवर लक्षणांचा शोध. तिथे दहा साधी कारणं आणि एक भयंकर नाव दिसतं, आणि मन नेमकं ते एकच नाव धरून बसतं. आपल्या माणसाच्या बारीकसारीक दुखण्यानं ज्यांचा जीव असा टांगणीला लागतो, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे.

या भीतीला कुणी हसू नये. तिच्यामागे पुष्कळदा खरा अनुभव असतो. कुणाच्या आत्यानं दुखणं अंगावर काढलेलं असतं आणि दवाखाना गाठायला उशीर झालेला असतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर साध्या तापाचं पाहता पाहता काय होऊ शकतं, हे कितीतरी घरांनी सोसलं. ज्या मनानं हे पाहिलंय, त्याला ‘काही होत नाही गं, उगाच घाबरतेस’ एवढ्यानं धीर येत नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं, ते त्याला सांगावं लागतं.

आधी ही भीती वाढते कशी, ते पाहू. ताप मोजला, ९९ निघाला, हायसं वाटलं. पंधरा मिनिटांनी शंका आली, आता चढला असेल तर? पुन्हा मोजला. डॉक्टर म्हणाले, साधा व्हायरल आहे. घरी येईपर्यंत वाटू लागलं, त्यांनी छाती नीट तपासली ना? म्हणून दुसरे डॉक्टर. हिलरी वॉरविक आणि पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८० च्या दशकात हेच चक्र उलगडून दाखवलं. पुन्हा पुन्हा मागून घेतलेला दिलासा थोडाच वेळ टिकतो आणि मनाला त्याचीच सवय लागते.

याच्या मुळाशी काय आहे? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्या पुस्तकांतून मराठी वाचकांपर्यंत पोचवली. इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला ती शिकवते. माझं माणूस बरं असावं, ही इच्छा झाली. ते बरं आहे याची शंभर टक्के हमी मला आत्ताच्या आत्ता मिळालीच पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छा मनापासून बाळगावी. हट्ट मात्र जगातला कुठलाही डॉक्टर पुरवू शकत नाही, कारण अशी हमी कुणाच्याच हातात नसते.

मग हातात काय असतं? डॉक्टर आल्या आल्या काय विचारतात ते आठवा. ‘तापाचा कितवा दिवस?’ या प्रश्नाला मोठा अर्थ आहे. आजाराला स्वतःचं रूप दाखवायला वेळ लागतो. टायफॉइडसाठी केली जाणारी विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा काहीच सांगत नाही. डेंग्यूची एक चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, तर प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतर. पहिल्याच संध्याकाळी घाईनं रक्त दिलं आणि अहवाल चांगला आला, तरी त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवस राहते, तिच्यामागून खोकला आणखी काही दिवस रेंगाळतो. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. म्हणून डॉक्टर ‘दोन दिवस पाहू’ म्हणतात, तेव्हा ते तुम्हाला टाळत नसतात. ते दोन दिवस हा तपासणीचाच भाग असतो.

जास्त तपासण्या केल्या की जास्त खात्री मिळते, असंही आपण धरून चालतो. प्रयोगशाळेच्या अहवालात आकड्यापुढे जी मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे शंभरातल्या पंचाण्णव निरोगी माणसांना सामावून घेईल अशी ठरवतात. म्हणजे उरलेले पाच जण निरोगी असूनही मर्यादेबाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाच्या अहवालातही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. तो ठळक छापलेला आकडा मग नवी रात्र जागवतो. तपासणी डॉक्टरांना हवी म्हणून व्हावी. आपल्या धास्तीला शांत करायला केलेली तपासणी बहुधा धास्तीच वाढवते.

आता करायचं काय, ते सांगतो. एक वही घ्या. बघण्याच्या वेळा ठरवा, सकाळ, दुपार आणि रात्री निजताना. त्या वेळी चारच गोष्टी लिहा: ताप किती, पाणी आणि खाणं किती गेलं, लघवी होतेय का, आणि माणसाचा वावर कसा आहे. ताप उतरल्यावर मूल खेळायला उठतं का, हे कितीतरी आकड्यांपेक्षा मोलाचं असतं. मधल्या वेळात मोजायची ऊर्मी येईल. तिला लगेच वश होऊ नका. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, अंगणात चक्कर मारा. ऊर्मी चढते तशी काही वेळानं आपोआप उतरते, आणि हे दोन-चारदा अनुभवलं की तिचा धाक कमी होतो. डॉक्टर एकच ठेवा. त्यांच्याकडून उठण्याआधी दोन प्रश्न विचारा. काय दिसलं तर लगेच यायचं? आणि तसं काही दिसलं नाही, तर पुन्हा कधी दाखवायचं? उत्तरं त्याच वहीत लिहून ठेवा. रात्री दोनला मोबाइल उघडण्याऐवजी ते पान उघडा.

काही लक्षणं मात्र थांबण्यासारखी नसतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, कुणाला धाप लागली असेल, श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जात असेल, झटका आला असेल, मूल पाणीही पीत नसेल किंवा जागं करूनही गुंगीतच असेल, तर वेळ काढू नका. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं, छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर तत्क्षणी १०८ ला फोन करा. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त जपायचे. तेव्हा पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

या सगळ्यात त्या आजारी माणसाचंही एक मन असतं, याचा आपल्याला विसर पडतो. मुलगा परदेशात, आईवडील सांगलीत. रोज व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, ‘आई, खोकलीस ना आत्ता? आवाज का असा येतोय?’ महिनाभर असं चाललं की आई काय करते? फोन येण्याआधी कोमट पाणी पिऊन घसा साफ करून बसते. गुडघा दुखला तर सांगत नाही, चक्कर आली तर वडिलांनाही सांगू देत नाही. ‘पोरगं तिकडे जेवणार नाही,’ असं तिला वाटतं. मुलं तर याहून लवकर शिकतात. पोटात दुखतंय म्हटल्याबरोबर आईचा चेहरा पांढरा पडतो, हे पाहिलेलं मूल एक तर बोलायचं बंद होतं, नाही तर तेही स्वतःच्या अंगाला घाबरू लागतं. आपल्या भीतीची ही किंमत फार मोठी आहे. ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, तोच आपल्यापासून दुखणं लपवायला लागतो, आणि खरोखर कळायला हवं ते कळेनासं होतं.

एवढं करूनही भीती हटली नाही, कित्येक आठवडे झोप लागली नाही, कामात लक्ष लागेना, घरात त्यावरून वाद होऊ लागले, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. आरोग्याविषयीच्या अशा चिंतेवर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत आणि ते लागू पडतात. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही करता येतो, मराठीत बोलता येतं.

श्रोतेहो, आज ज्यांच्या प्रकृतीनं तुमचा जीव खालीवर होतोय, त्यांना दिवसातून एकदाच विचारा, ‘कसं वाटतंय?’ उत्तर पूर्ण ऐकून घ्या, आणि मग दुसऱ्या विषयावर बोला. पेरणीचं विचारा, शाळेतल्या भांडणाचं विचारा, भिशीत काय झालं ते विचारा. ज्याला घरात असं मोकळेपणानं बोलायची सवय आहे, तो ज्या दिवशी खरंच काही दुखेल, त्या दिवशी आपण होऊन आणि वेळेवर सांगेल.